वैर शिकविणारे शिबिर
तुर्कस्तानात जन्मलेले समाजमानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी १९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात सुमारे ११ वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर भरविले. सारी मुले एकाच वर्णाची, एकाच पंथाची, सुस्थित घरांतील. त्यांचे दोन गट पाडून बक्षिसांच्या स्पर्धा सुरू करताच शिवीगाळ, ध्वजदहन, एकमेकांच्या खोल्यांवर हल्ले असे प्रकार घडू लागले. सहभोजनाने काहीच साधले नाही. उलट अन्नाची फेकाफेक झाली. पुढे मुद्दाम बंद पाडलेला ट्रक दोन्ही गटांनी मिळून ओढला, तोही रस्सीखेचीच्याच दोराने! अशा कामांतून कटुता ओसरत गेली. त्याआधी, १९५३ मध्ये, न्यूयॉर्क राज्यात भरविलेल्या तशाच शिबिराचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. तेथे गट पडण्यापूर्वीच मुलांची मैत्री जमली होती आणि वैर पेटलेच नाही.