चाकांवरचा संसार

चाकांवर फिरणारे घर ही पाश्चात्त्यांची हौस होय, असा समज सर्वत्र रूढ आहे. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाला मात्र ही कल्पना मुळीच परकी नाही. माघ महिन्यात चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर निघालेली कुटुंबे पिढ्यान् पिढ्या बैलगाडीनेच जात आली. बांबूच्या कमानींवर तट्ट्या अथवा ताडपत्री घालून गाडीला छप्पर केले जाई. आत गवताच्या थरावर घोंगडी, साट्याखाली कंदील, मागे पाण्याची घागर. बैल सोडले, बाजूला तीन दगडांची चूल मांडली, की तीच गाडी चार दिवसांचे बिऱ्हाड होई.

ह्या गाडीचा खरा गुण तिच्या डागडुजीत होता. आरा मोडला तर सुतार तेवढा आरा बदली. पुठ्ठा फुटला तर तेवढाच पुठ्ठा नवा बसवी. उन्हाळ्यात लाकूड आकसून लोखंडी धाव सैल झाली, म्हणजे लोहार ती तोडून किंचित लहान करी, शेणींच्या जाळात लाल होईतो तापवी आणि चाकावर चढवून वर पाणी ओती. निवताना धाव आवळे व सारे चाक पुन्हा एकजीव होई. गाडी जुनी होई, पण मोडीत निघत नसे.

ह्याच बेळगावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. त्यातूनच पुढे लोखंडी नांगर तयार करण्याचा उद्योग उभा राहिला. १९१० साली तो कारखाना कुंडलच्या माळावर गेला आणि किर्लोस्करवाडी वसली. तथापि ओतकामाचा धंदा कालांतराने बेळगावातही रुजला, आणि उद्यमबागेच्या परिसरात तो आजही चालतो.

मोटारगाडीचा आरंभही सुताराच्याच हाताने झाला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली, ती बेडफर्ड बनावटीची होती. तिची बॉडी लाकडी आणि बैठका काथ्याच्या होत्या. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता; १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला. पुढे एस.टी.च्या लाकडी बॉडीची जागा पोलादाने घेतली. पण समुद्रकाठच्या दमट हवेत पोलाद गंजते, असा अनुभव आल्यावर १९६०च्या सुमारास अॅल्युमिनियमचे पत्रे आले.

ह्याच काळात जर्मनीत मोटार आणि घर यांची सांगड घातली गेली. फोक्सवॅगन कंपनीने १९५० साली डब्यासारखी मोटार काढली. १९५१ पासून वेस्टफालिया ह्या कारखान्याने तिच्यात बसवण्याजोगे कपाट, घडीचे मेज आणि झोपण्याची बैठक असा संच तयार केला. हा संच काढला की गाडी पुन्हा कामाला मोकळी. चिंचलीच्या वाटेवरील गाडीत हीच सोय होती: यात्रेपुरते छप्पर, एरवी शेतातील माल.

परंतु दोन्ही गाड्यांच्या देहांत एक मोठा भेद आहे. बैलगाडीचा रोग डोळ्यांना दिसतो. मोटारीचा झाकलेला असतो. तिचे पत्रे एकमेकांना जोडलेले असून दाराखालच्या पोकळ पट्ट्या, चाकांवरच्या कमानी, खिडक्यांच्या रबराखालची कड, छताची पन्हळ येथे पाणी साचते आणि गंज आतून बाहेर येतो. बेळगाव-खानापूरच्या पावसात तर हे काम लवकर होते. अशा पत्र्यावर लांबी भरून रंग दिला, तर गाडी चार महिने सुंदर दिसते आणि त्याखाली झिजत राहते.

म्हणून जाणता कारागीर रंगापासून प्रारंभ करीत नाही. आधी तो प्रत्येक भागाचे छायाचित्र व माप घेतो, मग सांगाड्याला आतून आडव्या पट्ट्यांचा आधार देतो. नाहीतर पत्रा कापताच दारांच्या चौकटी वाकतात आणि दारे बसत नाहीत. गंजलेला भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून तेवढाच नवा जोडायचा, पाणी निघून जाण्याची मूळ छिद्रे मोकळी ठेवायची, आणि अॅल्युमिनियम व पोलाद जेथे भेटतात तेथे मध्ये अस्तर घालायचे. कारण ओलाव्यात हे दोन धातू चिकटून राहिले की अॅल्युमिनियम खाल्ले जाते. रंग सर्वांत शेवटी.

आतील सामानाची कथाही तशीच आहे. कपाटाची हरवलेली मूठ ओतून घेता येते. परंतु ओतलेला धातू निवताना आकसतो, म्हणून उरलेली मूठ साच्यासाठी जशीच्या तशी वापरली तर नवी लहान निघते. नमुना किंचित मोठा करावा लागतो. ज्या गुणाने धाव चाकाला आवळते, तोच गुण येथे सांभाळावा लागतो.

हा विवेक आता कायद्यानेही मानला आहे. २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदली जाते. चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. तेव्हा सारे पत्रे बदलून गाडी नवी करणारा मालक पैसे खर्चून तिचा मानच घालवून बसतो.

रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि गावोगाव धाव चढवण्याचे काम उणावले. त्याबरोबर जेवढे मोडले तेवढेच बदलावे, ही सुतार-लोहारांची शिस्तही विस्मरणात चालली आहे. जुन्या मोटारी जतन करणाऱ्यांना पुस्तके आणि सुटे भाग परदेशांतून मागवता येतील. ही शिस्त मात्र जे म्हातारे कारागीर अजून हयात आहेत, त्यांच्यापाशी बसूनच घ्यावी लागेल.