किरमिजी रंग आणि निवडुंगाचे रान

दख्खनच्या माळावर, गावकुसाशी आणि शेताच्या बांधावर उभा असलेला फड्या निवडुंग आपल्या इतक्या परिचयाचा आहे की, तो परदेशी असेल अशी शंकाही मनाला शिवत नाही. वस्तुतः त्याचे माहेर अमेरिका खंडात आहे.

मेक्सिकोतील लोक निवडुंगावर एक बारीक किडा पोशीत आणि तो वाळवून किरमिजी रंग काढीत. युरोपात या रंगाला मोठे मोल येई. पण तो व्यापार दीर्घकाळ स्पेनच्या मुठीत होता. ती मूठ सैल करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानात निवडुंगाचे मळे लावण्याचा घाट घातला. मद्रासेत डॉ. जेम्स अँडरसन यांनी त्यासाठी पुष्कळ खटपट केली. १७९५ साली ब्राझीलहून किडे कलकत्त्यास आले, पण ते हलक्या जातीचे निघाले. रंगाचा व्यापार बुडाला. या किड्याने निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला खरा, परंतु दुसरी काटेरी जात त्याला दाद देईना. तिने कुरणे व्यापली, पाऊलवाटा बुजविल्या. अखेर १९२६ साली श्रीलंकेतून निराळा किडा आणला, तेव्हा दक्षिणेत ती आटोक्यात आली.

ऑस्ट्रेलियातही १७८८ साली रंगाच्याच आशेने निवडुंग नेला. पुढे कुंपणासाठी आणखी जाती गेल्या. त्यांतील एकीने १९२०च्या दशकात सुमारे सहा कोटी एकर जमीन ग्रासली. शेतकरी घरेदारे सोडून गेले. अर्जेंटिनातून आणलेल्या पतंगाच्या अळ्यांनी ते रान काही वर्षांत पोखरून टाकले. क्वीन्सलंडमधील बूनार्गा येथे १९३६ साली कृतज्ञ लोकांनी त्या पतंगाच्या नावे सभागृह बांधले!

पण याच औषधाने मादागास्करात अनर्थ केला. तेथील रुक्ष दक्षिण भागात निवडुंग गुरांचा चारा होता, अवर्षणात माणसांचे अन्न होते, वाडीचे कुंपणही होता. १९२०च्या दशकात तेथे किडा सोडला गेला आणि थोड्याच वर्षांत निवडुंग वाळला. गुरे मेली, दुष्काळ पडला, माणसे देशोधडीला लागली.

श्रोतेहो, परकी वनस्पती रुजविताना जो विचार करावयास हवा, तोच तिला उपटतानाही करावयास हवा. कारण दरम्यानच्या काळात कोणा गरिबाने तिच्याच आधाराने आपला संसार उभा केलेला असतो. त्याला विचारल्यावाचून कोणताही उपाय करू नये.