वायुनियमाची १७२ वर्षे

वायूचा दाब, आकारमान आणि तापमान यांना एकत्र बांधणारे समीकरण आज पाठ्यपुस्तकात एका ओळीत मावत असले, तरी ती ओळ पुरी व्हायला १७२ वर्षे लागली. कारण या तिन्ही राशी एकमेकींवर अवलंबून असल्याने त्यांतील एक स्थिर धरल्याशिवाय उरलेल्या दोहोंचे नाते उलगडत नाही.

पहिले नाते उलगडले ते एका वादातून. दाबल्यास आकसण्याचा आणि सोडल्यास पुन्हा उसळण्याचा जो गुण हवेत असतो, त्याविषयी रॉबर्ट बॉइलने १६६० मध्ये ग्रंथ लिहिला. परंतु पाऱ्याचा उंच स्तंभ तोलून धरण्याइतके बळ हवेत असणे शक्य नाही, असा आक्षेप फ्रान्सिस लाइन या जेझुइट विद्वानाने घेतला. त्याला उत्तर देण्यासाठी बॉइलने तळाशी वळवलेली काचेची नळी घेतली. तिची आखूड भुजा वरून बंद होती, तर उघडी भुजा इतकी लांब होती की नळी जिन्यात उभी करावी लागली. भुजांना पाव इंचाच्या खुणांच्या कागदी पट्ट्या चिकटवून तो पारा ओतत गेला. बंद भुजेतील हवेने ४८ घरे व्यापली असताना तिच्यावर वातावरणाचा, म्हणजे सुमारे २९.१ इंच पाऱ्याइतका, दाब होता. ती २४ घरांत आली तेव्हा एकूण दाब ५८.८ इंच, आणि १२ घरांत आली तेव्हा ११७.६ इंच भरला. हे कोष्टक १६६२ मध्ये प्रसिद्ध झाले. तापमान कायम असता दाब व आकारमान व्यस्त प्रमाणात असतात, म्हणजे एक दुप्पट झाले की दुसरे निम्मे होते, हा बॉइलचा नियम त्यातून निघाला. मात्र या व्यस्त प्रमाणाची कल्पना रिचर्ड टाउनली या समकालीन अभ्यासकाची असल्याचे बॉइलने स्वतःच नमूद केले आहे.

उष्णतेचा हिशेब फ्रान्समध्ये लागला. आकारमान न बदलू देता हवा पाण्याच्या उकळबिंदूपर्यंत तापवली, तर तिचा दाब सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, असे गीयोम आमोंतों याला १७०२ च्या सुमारास आढळले. दाब स्थिर ठेवून आकारमान तपासण्याचे काम हायड्रोजनच्या बलूनमधून उड्डाण करणाऱ्या झाक शार्लने १७८७ च्या सुमारास केले, पण ते त्याने प्रसिद्ध केले नाही. १८०२ मध्ये गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाने वायू आधी नीट कोरडे करून मोजले, कारण पात्रातील ओलाव्याची वाफ होऊन माप फुगत असे. तेव्हा निरनिराळे वायू ० ते १०० अंशांदरम्यान सारखेच, १०० भागांचे १३७.५ भाग, प्रसरण पावताना दिसले. शार्लच्या अप्रसिद्ध कामाचा उल्लेख गे-ल्युसॅकने केल्यामुळेच प्रसरणाचा हा नियम आज शार्लच्या, म्हणजे इंग्रजी उच्चारात चार्ल्सच्या, नावाने ओळखला जातो.

हे धागे १८३४ मध्ये एमिल क्लॅपेरॉन या फ्रेंच अभियंत्याने, उष्णतेपासून मिळणाऱ्या यांत्रिक शक्तीचा विचार करताना, एका समीकरणात गुंफले: दाब आणि आकारमान यांचा गुणाकार हा सेल्सिअस तापमानात २६७ मिळवून येणाऱ्या संख्येच्या सम प्रमाणात असतो. हा २६७ चा आकडा गे-ल्युसॅकच्या मापांवरून आला होता. पुढे रेन्यो या फ्रेंच शास्त्रज्ञाने अधिक काटेकोर मोजणी केल्यावर तो २७३ झाला, समीकरणाची मांडणी मात्र तशीच राहिली.