इव्हेंट लूप

इव्हेंट लूप : घटनांची वाट पाहत राहणारा, घटना घडली की तिच्यासाठी नेमलेले फंक्शन चालवणारा आणि ते संपताच पुन्हा वाट पाहू लागणारा प्रोग्रॅमचा मध्यवर्ती आवर्ती भाग. बटणावरचा क्लिक, नेटवर्कवरून आलेला मजकूर, डेटाबेसचे उत्तर, ठरलेली मुदत संपणे या सर्व त्याच्या दृष्टीने घटनाच होत. अशा प्रोग्रॅममध्ये कामांचा क्रम आधी लिहून ठेवलेला नसतो. घटना ज्या क्रमाने येतील त्यावर तो ठरतो. म्हणून या शैलीला घटनाधारित प्रोग्रॅमिंग म्हणतात. जावास्क्रिप्ट, टीसीएल, पायथन, पर्ल, रुबी या स्क्रिप्टिंग भाषांत ती विशेष रुजली. एकाच थ्रेडवर (सूचना एकामागून एक पार पाडणाऱ्या एका प्रवाहावर) हजारो कामांची प्रतीक्षा एकत्र सांभाळता येणे हे या रचनेचे बळ आहे. प्रत्यक्ष गणनेला लागणारा वेळ मात्र तिच्यामुळे कमी होत नाही. तिचे बहुतेक गुणदोष या एका भेदातून निघतात.

कार्यपद्धती

हैदराबादच्या दिलसुखनगर भागातील एखाद्या कोचिंग क्लासने सराव परीक्षेचा निकाल सकाळी 10 वाजता संकेतस्थळावर लावला आणि त्याच क्षणी 1,000 विद्यार्थ्यांनी पान उघडले, असे समजू. प्रत्येक विनंतीसाठी सर्व्हरच्या प्रोसेसरला 2 मिलिसेकंदांचे काम आहे आणि डेटाबेसचे उत्तर यायला 200 मिलिसेकंद लागतात. एक विनंती पूर्ण झाल्याशिवाय दुसरी हाती न घेणारा प्रोग्रॅम सर्वांना निकाल द्यायला 202 सेकंद घेईल, आणि त्यातले 200 सेकंद तो नुसता थांबलेला असेल.

इव्हेंट लूप हा थांबण्याचा वेळ वाया जाऊ देत नाही. विनंती आली की तो डेटाबेसकडे प्रश्न पाठवतो, उत्तर आल्यावर काय करायचे ते फंक्शन नोंदवून ठेवतो आणि पुढच्या विनंतीकडे वळतो. टिफिन सेंटरच्या गल्ल्यावरचा माणूस टोकन देऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहतो आणि डोसा तव्यावर होत राहतो, तसेच हे. डेटाबेस तेवढा भार पेलत असेल, तर प्रतीक्षेचे कालावधी एकमेकांवर चढतात आणि सगळे काम सुमारे 2.2 सेकंदांत आटोपते.

नोंदवून ठेवलेल्या या फंक्शनला कॉलबॅक म्हणतात. घडलेल्या घटनांचे कॉलबॅक रांगेत येतात आणि लूप ते एकेक करून चालवतो. एकदा सुरू झालेले फंक्शन स्वतः संपेपर्यंत किंवा स्वतःहून थांबेपर्यंत त्या थ्रेडवर दुसरे फंक्शन चालत नाही. त्यामुळे दोन थ्रेडांनी एकाच वेळी एकच चल बदलण्याचा धोका टळतो आणि त्यासाठी लागणारी कुलपेही बहुतेक वेळा लागत नाहीत.

कोणत्या जोडणीवर मजकूर आला आहे, हे लूप ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतो. 1983 च्या 4.2 बीएसडी युनिक्समध्ये त्यासाठी ‘सिलेक्ट’ ही सोय आली. तिला दरवेळी जोडण्यांची संपूर्ण यादी तपासावी लागे. जोडण्या हजारोंच्या घरात गेल्यावर ही तपासणीच जड होऊ लागली. फ्रीबीएसडीमधील ‘केक्यू’ (2000) आणि लिनक्समधील ‘ईपोल’ (2002) या सोयी फक्त तयार असलेल्या जोडण्याच कळवतात.

इतिहास

खिडक्या, मेन्यू आणि माउस असलेल्या संगणकांबरोबर घटनाधारित शैली सर्वसामान्य झाली. वापरकर्ता पुढे कशावर क्लिक करील हे प्रोग्रॅमला आधी कळत नसल्याने वाट पाहणे हाच त्याचा मूळ व्यवसाय ठरला. 1984 च्या मॅकिंटॉशवरील प्रोग्रॅमांचा गाभा असाच लूप होता. 1987 मध्ये अ‍ॅपलच्या हायपरकार्डबरोबर आलेल्या हायपरटॉक या स्क्रिप्टिंग भाषेने ही शैली व्यावसायिक प्रोग्रॅमर नसलेल्यांच्याही हाती दिली. बटण सोडल्यावर काय करायचे ते थेट बटणाच्याच स्क्रिप्टमध्ये लिहिता येई.

जॉन आउस्टरहाउट यांनी बर्कली येथे 1988 मध्ये टीसीएल ही भाषा तयार केली. तिच्या टीके या खिडक्यांच्या संचासाठी लिहिलेला इव्हेंट लूप पुढे भाषेच्या गाभ्यातच आला. त्यामुळे पडद्यावर काहीही न दाखवणाऱ्या सर्व्हर प्रोग्रॅमांनाही तो वापरता येऊ लागला.

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी मे 1995 मध्ये नेटस्केपसाठी दहा दिवसांत उभी केली. ब्राउझरमधील पान एका थ्रेडवर चालवायचे आणि क्लिकसारख्या घटनांना फंक्शने जोडायची, ही तिची रीत पहिल्यापासूनची आहे. 1997 मध्ये ईसीएमए-262 या नावाने तिचे प्रमाणीकरण झाले. या भाषाप्रमाणात इव्हेंट लूपचे सविस्तर वर्णन नाही. ब्राउझरसाठी ते एचटीएमएलच्या प्रमाणात दिलेले आहे. म्हणजे लूप पुरवणे हे ब्राउझरचे किंवा ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड.जेएससारख्या व्यवस्थेचे काम आहे.

सर्व्हरच्या बाजूने निकड वेगळी होती. एका यंत्राने एकाच वेळी 10,000 ग्राहक कसे सांभाळावेत, हा प्रश्न डॅन केगल यांनी 1999 मध्ये ‘सी10के’ या नावाने मांडला. प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र थ्रेड ठेवला, तर स्मृती आणि थ्रेडांची अदलाबदल यांतच यंत्राची शक्ती खर्च होई. पायथनमधील ट्विस्टेड, पर्लमधील पीओई आणि रुबीमधील इव्हेंटमशीन या ग्रंथालयांनी (लायब्ररींनी) आपापल्या भाषेत इव्हेंट लूपचे उत्तर दिले. मात्र अशा भाषांतील इतर बहुतेक ग्रंथालये थांबून राहणारी होती. त्यांतले एक जरी लूपमध्ये शिरले, तरी सगळा प्रोग्रॅम अडे.

रायन डाल यांनी 2009 मध्ये नोड.जेएस सादर केले, तेव्हा त्यांनी जावास्क्रिप्ट निवडण्यामागे हे एक मोठे कारण होते. या भाषेत फाइल किंवा नेटवर्क वाचण्याची थांबून राहणारी जुनी ग्रंथालये नव्हतीच, आणि कॉलबॅक लिहिण्याची सवय प्रोग्रॅमरांना ब्राउझरमुळे आधीच लागली होती. गूगलच्या व्ही8 या जावास्क्रिप्ट इंजिनाने वेगाची बाजू सांभाळली. विंडोज आणि युनिक्स यांच्या भिन्न सोयींवर एकसारखे आवरण घालणारे लिबयूव्ही हे ग्रंथालय पुढे नोडचा पाया झाले.

पायथनमध्ये गीडो व्हान रॉसम यांच्या प्रस्तावातून आलेले असिंकआयओ हे मॉड्यूल मार्च 2014 च्या 3.4 आवृत्तीपासून अधिकृत ग्रंथालयाचा भाग आहे.

कॉलबॅकपासून अवेटपर्यंत

एका कॉलबॅकमध्ये दुसरा, त्यात तिसरा असे होत गेले की प्रोग्रॅम उजवीकडे सरकत जातो आणि चूक कुठल्या टप्प्यावर झाली ते कळेनासे होते. यावर प्रॉमिस हा उपाय आला. ‘उत्तर पुढे मिळेल’ याची खूण म्हणून एक वस्तू परत द्यायची आणि यश वा अपयश तिला जोडायचे, ही त्यामागची कल्पना. 2015 मध्ये प्रॉमिस जावास्क्रिप्टच्या प्रमाणात समाविष्ट झाले. नोडमध्ये ते 2009 मध्ये आले होते, पण फेब्रुवारी 2010 मध्ये काढून टाकले गेले. हा निर्णय चुकल्याचे डाल यांनी 2018 मध्ये बर्लिन येथील भाषणात सांगितले.

‘असिंक’ आणि ‘अवेट’ या शब्दांनी पुढची पायरी गाठली. पायथनमध्ये ते 2015 च्या 3.5 आवृत्तीत आणि जावास्क्रिप्टमध्ये 2017 च्या प्रमाणात आले. अवेट लिहिलेल्या जागी फंक्शन स्वतःला बाजूला ठेवते, लूपला वाट मोकळी करून देते आणि उत्तर आल्यावर तिथूनच पुढे चालू लागते. त्यामुळे प्रोग्रॅम पुन्हा वरून खाली सरळ वाचता येतो.

रांगांचा क्रम

जावास्क्रिप्टमध्ये एकाहून अधिक रांगा असतात. टायमर, क्लिक, नेटवर्क यांची कामे टास्क म्हणून येतात, तर प्रॉमिसची पुढील कामे मायक्रोटास्कच्या रांगेत जातात. एक टास्क संपला की मायक्रोटास्कची रांग पूर्ण रिकामी होते आणि मगच पुढचा टास्क सुरू होतो. एखाद्या प्रोग्रॅमने आधी ‘एक’ छापले, शून्य मिलिसेकंदांच्या टायमरवर ‘दोन’ छापायला सांगितले, पूर्ण झालेल्या प्रॉमिसला ‘तीन’ जोडले आणि शेवटी ‘चार’ छापले, तर पडद्यावर एक, चार, तीन, दोन असा क्रम दिसतो. टायमरचा शून्य म्हणजे ‘लगेच’ नव्हे. हातातले काम आणि मायक्रोटास्क संपल्यावर शक्य तितक्या लवकर, एवढाच त्याचा अर्थ. मायक्रोटास्कने अखंड नवे मायक्रोटास्क निर्माण केले, तर टायमर आणि पडद्याचे रेखाटन दोन्ही उपाशी राहतात.

दोष व दक्षता

लूप अडणे हा सर्वांत मोठा दोष. वरच्याच उदाहरणात प्रत्येक विद्यार्थ्यासाठी गुणपत्रिकेची पीडीएफ तयार करायला 50 मिलिसेकंदांची गणना लागली, तर 1,000 गुणपत्रिकांना 50 सेकंद लागणार आणि शेवटचा विद्यार्थी तेवढा वेळ खोळंबणार. फंक्शनला असिंक म्हटल्याने यात फरक पडत नाही. ब्राउझरमध्ये सेकंदाला 60 चित्रे दाखवायची, तर एका चित्राला सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात; त्याहून लांबलेले फंक्शन पडद्याची हालचाल अडखळवते. पायथनच्या असिंक फंक्शनमध्ये साधी ‘टाइम.स्लीप’ वापरली तरी सगळा लूप झोपतो. तेथे ‘असिंकआयओ.स्लीप’ला अवेट करणे आवश्यक असते.

जड गणना वेगळ्या थ्रेडकडे किंवा प्रोसेसकडे सोपवतात. ब्राउझरमध्ये त्यासाठी वेब वर्कर आहेत. नोडमध्ये 2018 पासून वर्कर थ्रेड आहेत. फाइल वाचणे आणि काही कूटलेखन क्रिया लिबयूव्ही स्वतःच्या थ्रेडसंचावर करते. या संचात मुळात चारच थ्रेड असतात; म्हणून पासवर्ड हॅश करण्याची पाच कामे एकदम आली, की पाचव्याला थांबावे लागते.

एकच थ्रेड असल्याने रेस (दोन कामांच्या क्रमातील चढाओढीने निकाल बिघडणे) कधीच होत नाही, हा समज चुकीचा आहे. एखाद्या बॅचमध्ये एकच जागा उरली आहे आणि दोन विद्यार्थ्यांनी एकदम अर्ज भरला, असे धरू. पहिल्या विनंतीने जागा शिल्लक असल्याचे पाहिले आणि शुल्काच्या उत्तरासाठी अवेट केले. त्या फटीत दुसऱ्या विनंतीलाही तीच जागा रिकामी दिसली. शेवटी एका जागेवर दोन प्रवेश होतात. पाहणे आणि राखून ठेवणे यांच्यामध्ये अवेट येऊ न देणे, किंवा ‘जागा शिल्लक असेल तरच कमी कर’ अशी एकच अटबद्ध आज्ञा डेटाबेसला देणे, हा यावरचा उपाय.

त्रुटींची हाताळणीही बदलते. कॉलबॅक चालतो तेव्हा तो नोंदवणारे फंक्शन केव्हाच संपलेले असते, त्यामुळे त्या फंक्शनमधील त्रुटी पकडण्याची व्यवस्था निरुपयोगी ठरते. अयशस्वी प्रॉमिसकडे कोणीच पाहिले नाही, तर नोडच्या 15 व्या आवृत्तीपासून (2020) प्रोग्रॅम बंद पडतो. आधी नुसती सूचना छापली जाई.

प्रशिक्षण व दिलसुखनगर

विजयवाड्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरील दिलसुखनगर हा हैदराबादचा गजबजलेला व्यापारी भाग असून कोचिंग क्लास, संगणक प्रशिक्षण संस्था आणि हॉस्टेल यांची तेथे दाटी आहे. सॉफ्टवेअर प्रशिक्षणासाठी हैदराबादमधीलच अमीरपेठ अधिक प्रसिद्ध आहे. मेट्रोच्या लाल मार्गाचा अमीरपेठ ते एल. बी. नगर हा टप्पा 24 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झाला आणि दोन्ही भाग थेट जोडले गेले. 1998 मध्ये सायबर टॉवर्सने सुरुवात झालेल्या हायटेक सिटीतील नोकऱ्या हे या प्रशिक्षणामागचे एक मोठे आकर्षण आहे.

अशा संस्थांच्या, जावास्क्रिप्टवर आधारलेल्या ‘फुल स्टॅक’ अभ्यासक्रमांत रिअ‍ॅक्ट आणि नोड यांच्याबरोबर इव्हेंट लूप येतोच. सी किंवा जावामध्ये वरून खाली चालणारे प्रोग्रॅम लिहून आलेल्यांना तो अडतो, कारण लिहिलेला क्रम आणि चालण्याचा क्रम येथे वेगळे पडतात. रांगांच्या क्रमावरील छोटे कोडे हा मुलाखतींतील नेहमीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पाठ करता येते. अडलेला लूप ओळखणे आणि अवेटच्या फटीतली रेस शोधणे मात्र सर्व्हरवर भार टाकून, त्याचे मोजमाप घेतच शिकावे लागते.

निवडीचा निकष

चॅट, सूचनासेवा, थेट धावफलक, अनेक सेवांकडून माहिती गोळा करून देणारे सर्व्हर अशा, प्रतीक्षा जास्त आणि गणना थोडी असलेल्या कामांना इव्हेंट लूप साजतो. चित्रप्रक्रिया, मोठे सांख्यिकी हिशेब, संकेतन अशा गणनाप्रधान कामांसाठी अनेक प्रोसेस किंवा खरे समांतर थ्रेड लागतात. व्यवहारात दोन्हींची जोड दिसते. यंत्रात जितके कोर तितके लूप स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालवतात आणि जड कामे रांगेतून वेगळ्या वर्करांकडे पाठवतात. रचना निवडण्याआधी एका विनंतीतील गणनेचा आणि प्रतीक्षेचा वेळ स्वतंत्रपणे मोजावा. या दोन आकड्यांवरून निर्णय बहुधा स्पष्ट होतो.