निवासमंडप, अंतरपट आणि तारण : एका पूर्वचित्राचा मराठीतील प्रवास

बायबलातील ‘निर्गम’ या ग्रंथाच्या २५ ते ३१ आणि ३५ ते ४० या अध्यायांत एका हलत्या उपासनास्थानाचे तपशीलवार वर्णन आले आहे. मिसर देश सोडल्यानंतर रानातून प्रवास करीत असता इस्राएल लोकांनी ते उभारले, अशी त्या ग्रंथाची कथा आहे. ख्रिस्ती परंपरेने या वर्णनात तारणाचे पूर्वचित्र पाहिले. ते पूर्वचित्र मराठीत येताना त्याचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासासाठी मराठी बायबल हे एक प्रमुख साधन आहे आणि त्यातील शब्दांवरून श्रद्धेविषयी अनुमान काढण्याचा मोह अभ्यासकास सहज होतो. हे अनुमान कोठवर टिकते, ते पाहण्यास निवासमंडपाचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

प्रथम मूळ रचना ध्यानात घेऊ. अंगण १०० हात लांब व ५० हात रुंद. त्याचे द्वार पूर्वेस. आत शिरताच होमवेदी, तिच्यामागे हातपाय धुण्याचे पितळी पात्र, व त्यानंतर मंडप. मंडपाच्या प्रत्येक लांब बाजूस दीड हात रुंदीच्या २० फळ्या, म्हणजे एकंदर लांबी ३० हात. उंची १० हात. आतील बाहेरच्या दालनात दीपवृक्ष, भाकरीचे मेज व धूपवेदी. आतल्या दालनात कराराचा कोश. या दोन दालनांमध्ये निळ्या, जांभळ्या व किरमिजी सुताचा पडदा होता. त्या पडद्याच्या आत केवळ प्रमुख याजकाने आणि तेही वर्षातून एकाच दिवशी, रक्त घेऊन जावयाचे, असा ‘लेवीय’ ग्रंथाच्या १६ व्या अध्यायाचा दंडक आहे. अंगणापासून कोशापर्यंत जसजसे आत जावे तसतसा प्रवेशाचा अधिकार आकुंचित होत जातो. साऱ्या रचनेचे मर्म या क्रमात आहे.

हा मंडप खरोखर कोणत्या काळी व कोणत्या स्वरूपात उभा होता, याविषयी विद्वानांत मतैक्य नाही. यरुशलेमच्या मंदिराची प्रतिमा उत्तरकालीन याजकांनी रानातील काळावर आरोपित केली, असे जर्मन पंडित वेलहाउझेन यांनी १८७८ साली प्रतिपादिले. पुढे क्रॉस या अमेरिकन विद्वानाने १९४७ साली या परंपरेच्या मुळाशी प्राचीन तंबूची स्मृती असावी, असा पक्ष मांडला. आपल्या प्रश्नासाठी हा वाद बाजूस ठेवता येतो. कारण प्रतीक घडते ते ग्रंथातील मंडपावरून.

या मंडपास प्रतीक मानण्याची रीत ख्रिस्ती लोकांनीच सुरू केली, असेही नाही. अलेक्झांड्रियाचा फिलो व इतिहासकार जोसीफस या इ. स. च्या पहिल्या शतकातील यहुदी लेखकांनी पडद्याच्या रंगांत चार महाभूते पाहिली. त्याच शतकातील ‘इब्री लोकांस पत्र’ या ख्रिस्ती लेखाने मात्र निराळा मार्ग धरला. त्याच्या मते पृथ्वीवरील मंडप ही स्वर्गीय उपासनास्थानाची छाया होती. ख्रिस्त हा प्रमुख याजक, त्याचे स्वतःचे रक्त हे अर्पण, आणि त्याचा देह हाच पडदा. पुढे तिसऱ्या शतकात ओरिजेन व आठव्या शतकात इंग्लंडातील बीड यांनी या सूत्राचा विस्तार केला.

भाषेच्या दृष्टीने येथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. हे पूर्वचित्र ग्रीक भाषेत शब्दांच्या एकरूपतेवर उभे आहे. निर्गमातील पडद्यास हिब्रूत ‘पारोखेत’ म्हणतात. ग्रीक जुन्या करारात त्यासाठी ‘कातापेतास्मा’ हा शब्द आला. येशूच्या मृत्युसमयी मंदिरातील पडदा फाटला असे मत्तय सांगतो, तेथेही हाच शब्द आहे; इब्री पत्रातही हाच. ग्रीक वाचकास हा संबंध कोणी समजावून द्यावा लागत नव्हता. कोशावरील सोन्याचे झाकण हिब्रूत ‘कप्पोरेत’ व ग्रीकमध्ये ‘हिलास्टेरिओन’. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ख्रिस्तालाच हा शब्द लावला आहे. मंडपाला ‘स्केने’ हा शब्द. आणि योहान आपल्या पहिल्याच अध्यायात शब्द देहधारी होऊन आमच्यात राहिला असे सांगतो, तेव्हा त्याचे क्रियापद याच ‘स्केने’पासून साधलेले आहे.

आता मराठीकडे वळू. जुन्या कराराची कथा मराठीत प्रथम विस्ताराने आली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या पुराणातून. हे काव्य १६१६ साली गोव्यात राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. स्वर्गास ‘वैकुंठ’ म्हणण्यास स्टीफन्स यांना संकोच वाटला नाही. गद्य भाषांतराचा उद्योग मात्र एकोणिसाव्या शतकातला. श्रीरामपूरच्या मिशनने १८११ साली नवा करार छापला; मुंबईच्या भाषांतरकारांच्या श्रमातून १८४७ साली संपूर्ण बायबल सिद्ध झाले; त्यावर पुढे वारंवार संस्कार झाले. पंडिता रमाबाईंचे स्वतंत्र भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. रत्नागिरी जिल्ह्याचाही या इतिहासाशी संबंध आहे. स्कॉटिश मिशनने आपले काम १८२३ साली बाणकोट येथे सुरू केले, आणि १८२९ साली आलेल्या जॉन विल्सन यांनी मराठीचे आरंभीचे अध्ययन याच बाणकोट-हर्णै किनाऱ्यावर केले.

बायबल सोसायटीच्या प्रचलित भाषांतरात निर्गमातील ‘पारोखेत’ला ‘अंतरपट’ म्हटले आहे. पितळी पात्रास ‘गंगाळ’, लाकडास ‘बाभळ’, मापास ‘हात’ असे घरगुती शब्द योजणाऱ्या भाषांतराशी हा शब्द सुसंगत आहे. परंतु त्याचे वजन निराळे आहे. विवाहात वधूवरांमध्ये धरलेला व मुहूर्ताची घटका भरताच दूर होणारा अंतरपाट मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आपोआप उभा राहतो. जे दूर व्हावयाचे असते तेच त्या वस्त्राचे स्वरूप. मिलनाच्या आधीची मर्यादा दाखविणारा याहून समर्पक शब्द भाषांतरकारास मिळाला नसता. असे असता मत्तयात व इब्री पत्रात हेच भाषांतर ‘पडदा’ हा शब्द वापरते. ग्रीकमध्ये एका शब्दाने जोडलेली दोन टोके येथे सुटली. उलट मूळ हिब्रूत नसलेली विवाहाची छटा निर्गमात आली. जेथे ती छटा पूर्वचित्रास सर्वाधिक उपकारक ठरली असती, तेथे ती नाही.

‘कप्पोरेत’ची कथा अशीच आहे. मराठीत त्यास ‘दयासन’ म्हणतात. हिब्रू शब्दात दयाही नाही आणि आसनही नाही. लूथरच्या जर्मन भाषांतराने ‘कृपेचे आसन’ अशा अर्थाचा शब्द घडविला, १५३० साली टिंडेलने त्याच धर्तीचा इंग्रजी शब्द रूढ केला, आणि मराठी शब्द त्या परंपरेतला आहे. रोमकरांस पत्रात मात्र तोच ग्रीक शब्द ‘प्रायश्चित्त’ झाला. मूळ हिब्रू धातूचा अर्थ ‘झाकणे’ की ‘पुसून काढणे’, याविषयी मतभेद आहेत; पहिल्या पक्षास अरबीचा आधार आहे, दुसऱ्यास अक्कदीचा. ‘प्रायश्चित्त’ या शब्दात यांपैकी एकही कल्पना नाही. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त घेतो तो दोषी मनुष्य. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधील चहापानावरून उठलेल्या ग्रामण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, तेव्हा महाराष्ट्राने या शब्दाचा जो अर्थ घेतला तो हाच. लेवीय ग्रंथात विधी याजक करतो, तो लोकांसाठी. पौलाच्या लेखनात तर ते पुढे ठेवणारा स्वतः देवच आहे. शब्द एकच राहिला, परंतु कर्ता बदलला. मराठी ख्रिस्ती उपदेशकास या बदललेल्या कर्त्याचा खुलासा करावा लागणे अपरिहार्य होते.

‘मिश्कान’ या मंडपाच्या हिब्रू नावाविषयी एक गंमतीची गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. त्याचा धातू ‘श-क-न’, म्हणजे राहणे. हिब्रूतील ‘श’च्या जागी अरबीत नियमाने ‘स’ येतो. ‘शालोम’ व ‘सलाम’ हे त्याचे परिचित उदाहरण. म्हणून अरबीत तोच धातू ‘स-क-न’, आणि त्यापासून झालेला ‘साकीन’ हा शब्द फारसी दप्तरातून मराठीत आला. जुन्या कागदांत गावाच्या नावाआधी येणारे ‘साकीन’ आणि रानातील देवाचा निवास हे एकाच कुळातले आहेत. भाषांतरकारांनी ‘निवासमंडप’ हा संस्कृत मार्ग पत्करला. योहानाच्या पहिल्या अध्यायात ‘वस्ती’ हा शब्द आल्याने तेथे मंडपाची आठवण लोपली. प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायात ‘मंडप’ टिकल्याने ती शाबूत राहिली.

सावित्री नदीच्या उत्तरेस, अलिबाग-रोहा-मुरूड या टापूत, हीच कथा आपली म्हणणारा दुसरा मराठीभाषी समाज राहत आला आहे, तो बेने इस्राएलांचा. विल्सन यांनी १८३२ साली त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे प्रसिद्ध केली. परंतु या समाजाची उपासनेची शब्दसंपत्ती मिशनपूर्व काळापासूनची आहे. प्रमुख याजकाने पडद्याआड जावयाच्या त्या वार्षिक दिवसाला ते ‘दरफालणीचा सण’, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण, म्हणत. ही माहिती हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या व १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासात आहे. त्या दिवशी शुभ्र वस्त्रे नेसून, उपास करून, घराची दारे लावून घेत. इ. स. ७० मध्ये मंदिर नष्ट झाल्यानंतर याजकाचा प्रवेश उरला नव्हता. उरला तो उपास, प्रार्थना आणि बंद दार. ख्रिस्ती वाचनात पडदा फाटतो. बेने इस्राएलांच्या बोलीत दार लागते, आणि माणूस आत देवासमोर राहतो. एकाच दिवसाच्या या दोन मराठी प्रतिमा आहेत. दुसरी पहिलीची अपूर्ण अवस्था होय, असे मानण्यास इतिहासात आधार नाही.

शेवटी ‘तारण’. मराठी बायबलात उद्धारासाठी ‘मोक्ष’ न येता हा शब्द स्थिरावला. ‘तॄ’ म्हणजे पार जाणे. खाडीवरची ‘तर’, ती चालविणारा ‘तारी’ आणि समुद्रातले ‘तारू’ हे रत्नागिरीकरांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द याच धातूचे. त्याच वेळी कर्जापोटी ठेवलेली वस्तू तीही ‘तारण’. निवासमंडपाच्या पूर्वचित्रास हे दोन्ही अर्थ योगायोगाने लागू पडतात. याजक एका सीमेपलीकडे जातो, हा पहिला अर्थ. दुसऱ्याच्या ऋणासाठी काही ठेवले जाते, हा दुसरा. बंधनातून सुटका सांगणाऱ्या ‘मोक्षा’त यांपैकी दुसरी छटा मुळीच नाही.

यावरून निष्कर्ष असा की, मराठी बायबलातील शब्द हा तीन थरांचा पुरावा असतो : निर्गमाचा, ग्रीक ख्रिस्ती वाचनाचा आणि भाषांतरकाराच्या मराठीचा. ‘अंतरपट’ या शब्दावरून प्राचीन इस्राएलाच्या मनात विवाहाची कल्पना होती असे म्हणणे जितके चूक, तितकेच ‘प्रायश्चित्त’ या शब्दावरून मराठी ख्रिस्ती माणसाने धर्मशास्त्रातील प्रायश्चित्ताची कल्पना तशीच ठेवली असे म्हणणेही चूक. आपल्या विद्यार्थ्यांनी मराठी ख्रिस्ती वाङ्मय इतिहासाचे साधन म्हणून हाताळताना प्रत्येक कळीच्या शब्दाखाली हे तीन थर वेगळे करून पाहावेत. त्यासाठी थोडे ग्रीक, थोडे हिब्रू आणि भरपूर मराठी लागेल. यांतील तिसऱ्याची उपेक्षा आजवर सर्वांत अधिक झाली आहे.