मामा, उडत्या तबकड्या आणि लॉग फाईल

२०२२ चा पाडवा नेमका शनिवारी आला, म्हणजे आम्हा आयटीवाल्यांची एक सुट्टी बुडाली. तरी मी पुण्याहून सोनाळ्याला मामांकडे गेलो होतो. सोनाळा म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातला संग्रामपूर तालुका, सातपुड्याचा पायथा. रात्री पावणेआठच्या सुमारास गच्चीवर गप्पा मारत बसलो होतो आणि आकाशातून पेटत्या शेपटीचे गोळे एका रांगेत सरकत गेले. गल्लीत एकच गलका! कोणी म्हणे विमान जळालं, कोणी म्हणे दुसरं लोणार होतंय.

मामा फौजेतून रिटायर झालेले. ते शांतपणे म्हणाले, "लडाखमंदी आपल्या पोरायनंबी पाह्यलं व्हतं. मंग कागदं गायब केले."

मी हसलो. मामांना ते आवडलं नाही. "तिकडे एक रात्र ड्युटी करून पाय, मंग कळन तुले."

त्या रात्रीचं कोडं लवकर सुटलं. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक भलंमोठं कडं पडलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चांग झेंग ३बी या चिनी रॉकेटचा तो टप्पा असावा, असं खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. अमेरिकेत बसून हे कळलं कसं? तर कोणता तुकडा कोणत्या कक्षेत फिरतोय याची नोंद ठेवलेली असते म्हणून.

पण मामांचं लडाख डोक्यातून जाईना. पुण्याला आल्यावर शोधलं, तर प्रकरण खरंच होतं. २०१२ च्या ऑगस्टपासून पँगाँग सरोवराच्या भागात जवानांना पिवळसर चमकते गोळे दिसू लागले. चीनच्या बाजूच्या क्षितिजावरून वर यायचे आणि तासन्‌तास आकाशात सरकत राहायचे. बातम्यांनुसार रडार लावलं, पण त्यावर काहीच उमटेना. चिनी हेरगिरीची ड्रोन असावीत असा संशय बळावला. फेब्रुवारी २०१३ पर्यंत सैन्यानं अशा ३२९ नोंदी केल्या होत्या. त्यातल्या १५५ वेळा वस्तू आपल्या हद्दीत शिरल्याचं लिहिलं होतं.

शेवटी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे विचारणा झाली. २०१३ च्या जुलैमध्ये उत्तर छापून आलं: गुरु आणि शुक्र!

जगभर हसू झालं. मीही हसलोच असतो. पण जरा विचार करा. सव्वाचार हजार मीटर उंची, हवा विरळ, धूळ नाही, गावाचे दिवे नाहीत. तिथे गुरु आपल्या कोथरूडच्या गच्चीवरून दिसतो तसा दिसत नाही. त्यात सीमेपलीकडून खरी ड्रोन येण्याची धास्ती. अशा वेळी दिवा दिसला की नोंद करणं हेच जवानाचं काम, आणि त्यानं ते ३२९ वेळा केलं. तारे रोज साधारण ४ मिनिटं लवकर उगवतात, आणि गुरुही थोड्याफार फरकानं हेच वेळापत्रक पाळतो. ड्रोन असं करत नाही. म्हणजे वेळ आणि दिशा लिहिलेली असेल, तर हजारो किलोमीटरवर बसलेला माणूसही महिन्यांनंतर ते ताडून पाहू शकतो.

आता याच्या उलट गोष्ट. जुलै १९४७, अमेरिकेतलं रॉसवेल. लष्करी हवाई तळानंच जाहीर केलं की उडती तबकडी सापडली, आणि लगेच फिरवलं की हवामानाचा फुगा होता. १९९४ मध्ये अमेरिकन हवाईदलानं सांगितलं, तो मोगल नावाच्या गुप्त प्रकल्पाचा फुगा असावा, सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेणारा. पटण्यासारखं आहे. पण १९९५ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी कागदपत्रं मागवली, तेव्हा कळलं की तळावरून ऑक्टोबर १९४६ ते डिसेंबर १९४९ या काळात बाहेर गेलेले संदेश नष्ट झालेत. कोणी केले, कोणाच्या परवानगीनं, कुठेच नोंद नाही. कदाचित एखाद्या कारकुनानं कपाट रिकामं केलं असेल. पण त्या रिकाम्या जागेत परग्रहवासी जाऊन बसले, ते आजतागायत तिथेच आहेत :-)

प्रॉडक्शनमध्ये रात्री ३ ला काहीतरी कोसळतं आणि लॉग कोणीतरी उडवलेला असतो, तेव्हा आपल्या टीममध्येही हेच होतं. नेटवर्कवाले डेटाबेसवाल्यांना दोष देतात, डेटाबेसवाले भुताला. बग साधाच असतो, पण सिद्ध करता येत नाही. आणि नोंद करणाऱ्यालाच आपण हसलो, तर पुढच्या वेळी तो लिहिणारच नाही. कागद गायब करण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग.

मामांना फोन करून सगळं सांगितलं. कागद गायब झाले ते रॉसवेलला, लडाखला नाही, हेही सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं. पण आपल्या गच्चीवरून ते कोनीकडून कोनीकडे गेलं, सांग बरं?"

मला सांगता येईना. वर लिहिलेलं पावणेआठसुद्धा पेपरात वाचलेलं आहे, मी घड्याळ पाहिलंच नव्हतं.

मामा म्हणाले, "निंबाच्या शेंड्यावरून निंगालं, अन्‌ टाकीच्या मांगं गेलं."

दिवसभर लॉग वाचून पगार घेणारा मी, आणि जाग्यावर बसून लॉग ठेवणारे मामा. असो.