सडव्याची ऊब : कायद्याच्या कागदांत न सापडणारं तापमान

पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्यांचा एक ठरलेला सवाल असतो : ‘विषय तर आहे, पण त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?’ व्याख्या सांगून हे कळत नाही, म्हणून आज एक उदाहरण घेऊ. विषय थोडा वेगळा आहे. आंबायला ठेवलेलं मडकं उबदार कसं ठेवायचं?

थंड देशांत घरी बीअर बनवणाऱ्यांची ही रोजची डोकेदुखी. एल जातीच्या बीअरचं यीस्ट साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला खुशीत काम करतं. लागर बीअरचं यीस्ट ८ ते १४ अंशांनाही चालतं. पहिल्या प्रकारात खोली गार पडली की यीस्ट तळाशी जाऊन बसतं, आंबणं थांबतं. मग भांड्याला गोधडी गुंडाळा, गरम पट्टा लावा, असे उद्योग सुरू होतात.

आता एक साधा हिशेब. यीस्ट साखर खाताना स्वतःही उष्णता सोडतं. २० लिटरचं भांडं आणि त्याच आकाराची २००० लिटरची टाकी घ्या. टाकीत द्रव शंभरपट, पण पृष्ठभाग फक्त साडेएकवीस पट. म्हणजे लिटरमागे उष्णता निसटायला जागा जवळजवळ एक पंचमांश. म्हणून कारखान्याला टाकी गार कशी ठेवायची ही चिंता, आणि घरातल्या माणसाला गरम कशी ठेवायची ही. प्रक्रिया तीच, आकार बदलला की अडचण उलटी होते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कोनमध्ये हा प्रश्न कसा दिसतो?

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघालं की खाडीपलीकडे कोन लागतं. आज इथून पुढे गोदामांची रांग दिसते. पण हा सगळा पट्टा जुन्या ठाणे जिल्ह्याचा : खाडीकाठी भातखाचरं, बांधावर ताड आणि शिंदी, आत जंगलाकडे मोह. इथे जानेवारीच्या पहाटेही पारा पंधरा-सतराच्या फारसा खाली जात नाही, आणि दुपारी तिशीला टेकतो. अशा ठिकाणी मडक्याला ऊब देण्याचा प्रश्नच येत नाही, असं वाटेल.

ताडीच्या बाबतीत ते खरंच आहे. ताडाचा रस झाडावरच्या मडक्यात पडतापडताच आंबायला लागतो. पहाटे, चुना लावलेल्या मडक्यात उतरवला तर ती गोड नीरा. ऊन चढलं की तीच ताडी. आणखी ठेवली तर आंबट. इथे ऊब फुकट आहे, किंबहुना जास्तच आहे.

मोहाचं वेगळं. मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये पडतात. वाळवली की त्यांत वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखर असते, आणि ती वर्षभर टिकतात. म्हणजे दारू हवी तेव्हा काढता येते, थंडीतसुद्धा. भिजवून आंबवलेल्या फुलांना आपल्याकडे सडवा म्हणतात. हा सडवा थंडीत तयार व्हायला जास्त दिवस घेतो. यीस्टसाठी तापमान दहा अंशांनी घसरणं म्हणजे कामाचा वेग निम्मा किंवा त्याहूनही कमी होणं.

आणि इथे मडकं स्वतःच गोंधळ घालतं. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार का होतं? मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. सडव्याचं मडकं नवं आणि सच्छिद्र असेल तर तेच होणार. कोरड्या थंडीत, वाऱ्यावर ठेवलेलं मडकं आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार राहील. तेच मडकं चुलीजवळ, पेंढ्यात किंवा जमिनीत पुरून ठेवलं तर बाष्पीभवन थांबतं, आणि जमिनीत काही हात खाली रात्र-दिवसाचा फरकही फारसा पोचत नाही. त्यात मडकं पुरलं की ते दिसतही नाही. हा मुद्दा कायद्याशी जोडलेला आहे.

कायदा काय बघतो?

१८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि गावोगावच्या छोट्या भट्ट्या बेकायदा होत गेल्या. सरकारला महसूल हवा होता. तो मोजायला दारू एका जागी गाळली जाणं सोयीचं. उरण हे अशा मोठ्या भट्ट्यांचं ठिकाण, तिथून मोहाची दारू मुंबईला जायची. तरी घरोघरचं गाळणं थांबलं नाही. मग १८९२ मध्ये मोहफुलांचा वेगळा कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. विचार करा : जे फूल दुष्काळात पोटाला आधार होतं, भाजून, शिजवून खाल्लं जायचं, तेच घरात सापडलं तर संशयाचा पुरावा.

म्हणजे सरकारी कागदांत फूल आहे, भट्टी आहे, दारूची तीव्रता आहे, कर आहे. मधला टप्पा, म्हणजे आंबणं, जवळपास नाही. ते घरात, अंधारात, बऱ्याचदा बायकांच्या देखरेखीखाली होतं. त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हता, तळहात होता. गंमत म्हणजे इंग्लंडच्या ब्रुअरांकडेही बराच काळ तळहातच होता. मायकेल कॉम्ब्रूनने थर्मामीटर वापरून बीअरची पद्धत लिहिली ती १७६२ मध्ये. पुढे उष्णता आणि कार्य यांचं नातं मोजणारा जूल हा सॅलफर्डच्या ब्रुअर घराण्यातलाच. पाश्चरचं बीअरवरचं पुस्तक १८७६ चं, कार्ल्सबर्गमध्ये हॅन्सनने शुद्ध यीस्ट वेगळं केलं ते १८८३ मध्ये. तिथल्या तळहाताचं ज्ञान पुस्तकात गेलं आणि विज्ञान झालं. इथल्या तळहाताचं ज्ञान त्याच दशकांत पंचनाम्यात गेलं आणि गुन्हा झालं. माझ्या मते या विषयातला खरा प्रश्न हा आहे.

घाईचा निष्कर्ष टाळा

आता विज्ञानाची पार्श्वभूमी असलेल्यांना एक मोह होईल (श्लेष चालवून घ्या). ‘उष्ण हवेत सडवा लवकर आंबट होतो, टिकत नाही, म्हणून कोकणात बीअर झाली नाही, गाळलेली दारू झाली.’ ऐकायला छान. गोव्याचं उदाहरणही जुळतं : काजूच्या बोंडांचा रस ऐन उन्हाळ्यात थोड्या दिवसांत आंबतो आणि लगेच भट्टीवर चढतो, त्याची फेणी होते.

पण झारखंडची हंडिया आठवा. तीही उष्ण प्रदेशातलीच, तांदळाची, न गाळता प्यायची. आणि ठाण्यात तांदूळ तर मुबलक होता. म्हणजे हवामान शक्यता ठरवतं, निवड ठरवत नाही. निवडीमागे आंबवण्याचं मुरवण कोणतं हाताशी होतं, जंगलात काय मिळत होतं, कर कशावर होता, हे सगळं येतं. एका कारणाने सगळं समजलं असं वाटलं की उलटं उदाहरण शोधायला बसा. मिळालं तर प्रबंध वाचतो.

दुसरी काळजी शब्दांची. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरसारख्या ग्रंथांत अनेक जातीजमातींना सरसकट दारूचे शौकीन ठरवलेलं आढळतं. ते विशेषण आहे, निरीक्षण नाही. लिहिणारा महसूल खात्याच्या डोळ्यांनी बघत होता. आगरी, कातकरी, वारली घरांत पूर्वजांना, देवाला, लग्नात दारूचा जो मान होता तो त्या शब्दात मावत नाही. त्याचबरोबर दारूने मोडलेले संसारही खरे आहेत. दोन्ही लिहा.

मग तुम्ही काय कराल?

एक, अबकारी खटल्यांचे कागद वाचताना महिना टिपून ठेवा. मडकं कुठे सापडलं हेही : उघड्यावर, घरात की जमिनीत. पुरलेली मडकी थंडीत जास्त दिसतात की वर्षभर सारखीच? पहिलं असेल तर ऊब हे कारण संभवतं. दुसरं असेल तर लपवणं. हा प्रश्न तपासता येतो, म्हणून तो संशोधनाचा प्रश्न आहे.

दोन, भौतिकाचा भाग घरीच बघा. दोन सारखे माठ, दोन्हींत नुसतं पाणी, एक उघडा, एक पेंढ्यात गुंडाळलेला, दोन थर्मामीटर. जानेवारीत आणि जुलैत नोंदी घ्या. पावसाळ्याच्या दमट हवेत फरक जवळपास मिटेल. पाणीच वापरा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना दारू बनवणं आजही गुन्हा आहे, आणि अयोग्य पद्धतीने गाळलेली दारू जीव घेते.

तीन, माणसांशी बोला, पण विचारण्याआधी विचार करा. ज्या ज्ञानाला सव्वाशेहून जास्त वर्षं गुन्हा म्हटलं गेलं, ते सांगणारी आजी तुमच्यावर विश्वास टाकते आहे. तिचं नाव, गाव, पाडा लिहायचा की नाही, हे आधी तिला विचारून ठरवा. ‘दारू कशी काढता?’ असं विचारलंत तर दार बंद होईल. ‘थंडीत मडकं कुठे ठेवायचात?’ असं विचारून बघा. एवढ्या छोट्या प्रश्नात तापमान आहे, कायदा आहे, आणि तिचा तळहातही आहे.